कानबाईचा दिवा आणि माझे पाणी

मित्रांनो, मी मासे पाळण्याची एक जुनी काचपेटी आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, पण पाणी अजून थेंबभरही गळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

सुरतेतल्या एका साडीच्या दुकानासाठी मला बनवले होते. साड्या उलगडल्या की त्यांचे रंग माझ्या पाण्यात उतरत आणि मासे कधी जांभळ्यातून, कधी पोपटीतून पोहत. गिऱ्हाइके कौतुक करत. कौतुकाने काच फुगत नाही, नाहीतर मी तेव्हाच फुटले असते! मग दुकानाचे रूप पालटले आणि मी माळ्यावर गेले. माझ्यात दोऱ्याच्या रिकाम्या बॉबिनी भरल्या गेल्या. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय!

तिथून मला भाईदासने सोडवले. तो त्या दुकानात गाठोडी पोचवायचा. सुरतेच्याच उधना भागातल्या आपल्या खोलीत त्याने मला आणले. त्याच्या मुलीने, धनश्रीने, मला चिंचेने घासले आणि तीन मासे सोडले. त्यांतल्या नारिंगी माशाचे नाव तिने केशर ठेवले. शाळेतून आली की ती आधी माझ्या काचेला नाक लावायची. मला पुन्हा जीव आल्यासारखे वाटले.

श्रावणात या खानदेशी घरात कानबाई देवी बसते. तिचा दिवा विसर्जनापर्यंत विझू द्यायचा नसतो. म्हणून धनश्रीच्या आईने, कलाबाईने, एका वर्षी स्थापनेच्या रविवारी खिडकी लावली, पंखाही बंद केला. धनश्रीने हौसेने आणलेल्या गुलाबाच्या वासाच्या मेणबत्त्या माझ्या झाकणावर मांडल्या. माझ्या पाण्यात सगळीकडे ज्योती हलू लागल्या. मासे जणू आकाशातून पोहत होते. खरे सांगते, मीही भुलले.

पण माझ्या शेजारीच हवेची मोटर होती. खोलीतली हवा ओढून ती पाण्यात सोडायची. त्या दिवशी तिने धूर, तेलाची वाफ आणि तो गुलाबही ओढला. पाण्यावर तेलकट साय धरली. दुपार कलली तशी केशर वर येऊन तोंड उघडू-मिटू लागली. पूजेला आलेल्या बायका म्हणाल्या, मासेही कानबाईचे दर्शन घेताहेत. मला कळत होते, पण काचेला तोंड कुठे असते!

धनश्रीने वाकून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. तिने मेणबत्त्या विझवून बाहेर नेल्या. तिचा हात खिडकीकडे गेला आणि तिथेच थांबला. वाऱ्याने कानबाईचा दिवा विझला तर? ती आईकडे पाहत रडवेली उभी राहिली.

कलाबाई क्षणभर दिव्याकडे पाहत राहिली, मग केशरकडे. मग ती दिव्यापुढे बसली आणि ज्योतीभोवती तिने दोन्ही तळहात धरले.

"खिडकी उघड, बेटा. दिवा मी सांभाळस. कानबाई मायले बी हवा लागू दे."

खिडकी उघडली. भाईदासने मोटर उचलून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवली आणि तिची नळी आत घेतली. धनश्रीने वहीचे कोरे कागद पाण्यावर पसरून तेलाची साय टिपली. बादलीत कालपासून भरून ठेवलेले पाणी तिने थोडे थोडे माझ्यात ओतले. सगळ्यांत लहान काळा मासा गेलाच. धनश्री खूप रडली. केशर मात्र हळूहळू सावरली आणि पुन्हा तळाशी पोहू लागली. तोवर कलाबाईचे हात काजळीने काळे झाले होते, पण दिवा तेवत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी पेटी असेल तर दिवा लावा, सण करा. फक्त धूर आणि सुगंध आमच्यापासून लांब ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या. आमच्या माशांना तुमच्याच खोलीची हवा प्यावी लागते.

आता दर श्रावणात कानबाई समोरच्या भिंतीशी बसते. दिव्याभोवती काचेचा कंदील असतो आणि खिडकी सताड उघडी असते. ती इवली ज्योत लांबून माझ्या पाण्यात दिसते आणि केशर तिच्यातून खुशाल पोहत जाते.