कॉम्प्युटर महाराजांची नाव आणि एक दोरी

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता घाटावर हजारभर माणूस उभं होतं. बायकांनी डोक्यावर ओले पदर घेतले होते. मोटारसायकलींच्या सीटवर हात ठेववत नव्हता, तरी कुणी सावलीला जायला तयार नव्हतं. तापीच्या मधोमध एक नाव हळूहळू सरकत होती. नावेत भगव्या कफनीतले महाराज मांडी घालून बसलेले, पुढ्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा काळा लॅपटॉप. पडद्यावर निळी नदी आणि तिच्यात चालणारा लाल ठिपका. ज्यांनी तो जवळून पाहिला होता ते बाकीच्यांना त्याचं वर्णन सांगत होते.

नाव जुन्या जॅकवेलच्या, म्हणजे गावाला पाणी उपसायच्या नदीतल्या विहिरीच्या, भिंतीजवळ थांबली. महाराजांनी हात वर केला. त्यांच्या दोन शिष्यांपैकी एकाने बुडी मारली. मिनिटभर काहीच नाही, आणि मग त्याने बुडालेल्या मगनला वर आणलं.

घाटावर जयजयकार झाला. एका मेलेल्या पोराचं प्रेत बाहेर येताना जयजयकार झाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मगनची आई झुंबरबाई महाराजांच्या पायावर कोसळली आणि तिथेच बेशुद्ध पडली. तिला सलाईन लावायला मला घाटावरच बसावं लागलं, कारण तीन दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. आईनं पाणी प्यायलं की सिग्नल तुटतो, असं महाराजांनी तिला बजावलं होतं. हे सगळं वैशाखात, आमच्या खान्देशच्या उन्हात.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. मी तेव्हा त्या गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. मगन जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला होता. चुलतभावाच्या हळदीसाठी आला, घाटावर अंघोळीला उतरला, पायाखालची रेती सरकली आणि तो गेला. झुंबरबाईला दुसरं मूल नव्हतं, नवराही नव्हता. बुडाला त्या दिवसापासून ती एकच मागत होती, पोराचं तोंड पाहू द्या.

महाराज फाल्गुनात गावात आले होते. त्यांची भाषा ऐकण्यासारखी होती. अमेरिकेने आकाशात सोडलेले उपग्रह म्हणजे आपलेच सप्तर्षी. जहाजाचा कप्तान कॉम्प्युटर बघून समुद्र ओलांडतो, तो समुद्र वरुणदेवाचा, मग कॉम्प्युटरवर हक्क कुणाचा? या हिशेबाने त्यांचं यंत्र पाण्याखालचा माणूस दाखवत होतं. अट एकच. शोध चालू असेपर्यंत नदीत दुसरी नाव, जाळं, गळ काही उतरवायचं नाही, लहरी बिघडतात. आधीच्या दोन महिन्यांत त्यांनी अशी दोन प्रेतं काढून दिली होती. ग्रामपंचायत घाटावर त्यांच्या मठाला जागा द्यायच्या बेतात होती.

मगनचं शवविच्छेदन मीच केलं. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या माणसाचं काय होतं ते मी इथे लिहीत नाही. माशांनी चेहरा ठेवला नव्हता. मी तो फडक्याने घट्ट बांधला आणि झुंबरबाईला सांगितलं, आता बघू नका, आठवणीतला असू द्या. तिने खूप हात जोडले. शेवटी मी तिला नुसता त्याचा हात धरू दिला.

डाव्या घोट्यावर एक वळ होता. बोटाएवढा रुंद, गोल फिरलेला. जिवंत माणसाला दोरी आवळली तर कातडीखाली रक्त साकळतं. इथे तसं काही नव्हतं. दोरी बांधली होती ती मेल्यानंतर.

हा वळ मला नवीन नव्हता, आणि माझी लाज इथूनच सुरू होते. आधीच्या दोन्ही प्रेतांच्या घोट्यावर तो होता. पहिल्यांदा मला वाटलं, जाळ्यात पाय अडकला असेल. दुसऱ्यांदा शंका आली, पण गाव महाराजांच्या मागे, आपली बदली जवळ आली आहे, कशाला नसती उठाठेव, असं म्हणून मी अहवालात एक ओळ लिहिली आणि कागद फायलीत टाकला. तो कुणी वाचला नाही. वाचला जाणार नाही हे मलाही माहीत होतं.

या वेळी मी निंबा भोयाकडे गेलो. निंबाआबा सत्तरीचे. घाटावरची नाव त्यांची, आणि नदीत बुडालेलं माणूस शोधायचं कामही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घरात. ते जाळं पसरून बसले होते. त्यांनी मला बसायला गोणपाट दिलं.

"घाटवर बुडेल मानूस जॅकवेलकडे कधीच जात नही, डाक्तर," ते म्हणाले. "तो खाले रेतीना पट्ट्यावर लागस. आनि वैशाखमा दुसराच दिन प्रेत वर येस. तिसरा दिन भी खाले ऱ्हायनं, म्हंजे कोनी तरी बांधी ठेयेल शे."

मग हे आधी का बोलला नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे न पाहताच सांगितलं. मगन बुडाला त्या संध्याकाळीच ते गळ घेऊन निघाले होते, पण शिष्यांनी घाटावरून परत पाठवलं आणि गावानेही शिष्यांचीच बाजू घेतली. कॉम्प्युटर आल्यावर भोयाला विचारतो कोण. पण त्यांच्या मनात याहून मोठं काही सलत होतं. फाल्गुनात एक शिष्य रोज विडी ओढायला त्यांच्याजवळ येऊन बसायचा आणि नदीच्या गोष्टी विचारायचा. कुठे बुडालं की कुठे निघतं, कोणत्या डोहात पाणी स्थिर असतं. आबांनी हौसेने सगळं सांगितलं होतं. तो लॅपटॉप नावालाच होता, नदी दिसत होती ती आबांच्या डोक्यातून.

मी ठाण्यात फोन केला. साहेब म्हणाले, वळ म्हणजे पुरावा नाही, दोरी दाखवा. मग मी धुळ्याला रईसाकडे निरोप पाठवला. माझ्या जुन्या कंपाउंडरची, जब्बारभाईंची ही मुलगी. धुळ्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवायची.

दहाव्या दिवशी मगनच्या दशक्रियेला सगळं गाव पुन्हा घाटावर आलं. महाराजांना मानाने बोलावलेलं होतं, लॅपटॉप सोबत होताच. ठाण्यातून आलेला, साध्या कपड्यातला एक हवालदार वडाखाली बसला होता. पिंडाला कावळा शिवेना. लोक महाराजांकडे बघू लागले. महाराज म्हणाले, आत्मा अजून लहरींत अडकलेला आहे, यंत्रात बघतो. त्यांनी लॅपटॉप उघडला.

मी पुढे झालो आणि म्हणालो, ही पोरगी हेच शिकवते, तिला दर्शन घेऊ द्या. हजार लोकांसमोर नाही म्हणणं महाराजांना जमलं नाही. रईसा लॅपटॉपसमोर बसली. मागे लावलेली 'उपग्रहाची' वायर तिने ओढली, तर ती मशिनला जोडलेलीच नव्हती, चिकटपट्टीने डकवलेली होती. मग तिने बाणांची बटणं दाबली. ठिपका सरकला. डावीकडे दाबलं की डावीकडे, उजवीकडे दाबलं की उजवीकडे. तिने सरपंचांचा हात धरून त्यांचं बोट बटणावर ठेवलं. वडाच्या पारावर, पाण्यापासून शंभर पावलांवर बसून सरपंचांनी तापीतून नाव चालवली.

"जहाजावर कॉम्प्युटर असतो हे खरं आहे," रईसा म्हणाली. "तो जहाज कुठे आहे ते सांगतो. पाण्याखाली कोण आहे ते तो सांगत नाही. आणि हा तर तेवढंही सांगत नाही, हे नुसतं चित्र आहे."

महाराज हसले. यंत्र निमित्त असतं, म्हणाले, दृष्टी गुरूची असते. मगन सापडला की नाही? गर्दीतून होकार आला. मला वाटलं, संपलं. सापडलं तर होतंच ना. लोकांनी प्रेत पाहिलं होतं, वळ पाहिला नव्हता.

तेवढ्यात निंबाआबांनी नाव सोडली. सत्तरीचा माणूस जॅकवेलजवळ धोतर खोचून पाण्यात उतरला. तीनदा खाली गेला. चौथ्यांदा वर आला तेव्हा हातात दोरी होती, हातभर लांब, निळ्या प्लॅस्टिकची. ती खालच्या लोखंडी गजाला बांधलेली होती. एक टोक सुरीने सरळ कापलेलं. महाराजांच्या नावेचा नांगर जिला बांधलेला होता तिचाच तो तुकडा. हवालदाराने दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी रेतीवर ठेवल्या.

मग मी काय झालं ते मोठ्याने सांगितलं. बुडाला त्याच संध्याकाळी शिष्यांना मगन रेतीच्या पट्ट्यावर मिळाला. त्यांनी त्याला पाण्यातून ओढत नेऊन गजाला बांधला. नदीत दुसरं कुणी उतरू नये म्हणून लहरींची गोष्ट. तिसऱ्या दिवशी बुडी मारून दोरी कापली. गर्दी जमायला आणि आईचे हाल दिसायला तीन दिवस लागतात, म्हणून तीन दिवस.

झुंबरबाई पिंडापासून उठली, रेतीवरचा दोरीचा तुकडा तिने उचलला आणि महाराजांसमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, तुमना डब्बामा सारी नदी दिसे," ती म्हणाली. "मना मगनना पायनी दोरी कशी नही दिसनी?"

महाराज लॅपटॉप मिटून काखेत घेऊ लागले. शिष्य पळायला लागले तेव्हा लोकांनीच धरले. महाराजांना पोलिसांच्या जीपमध्ये घालताना काही बायका अजूनही नमस्कार करत होत्या, हेही सांगून टाकतो.

गर्दी पांगली. झुंबरबाई दोरी हातात घेऊन माझ्याजवळ आली.

"पहिले दोन जन सापडनात, त्यास्ना पायवर बी असाच वळ व्हता का?"

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हणालो.

"मंग तव्हयच कसं नही सांगं, भाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तिचा प्रश्न महाराजांसमोर जितका सरळ होता तितकाच माझ्यासमोरही होता. मी पहिल्या वळाला तोंड उघडलं असतं तर मगन त्याच संध्याकाळी निंबाआबांच्या नावेतून घरी आला असता, आणि तिने त्याचं तोंड पाहिलं असतं.

वाचकहो, भोंदूची युक्ती ओळखायला फार शिक्षण लागत नाही. झुंबरबाई शाळेची पायरी चढली नव्हती. डोळ्यांना दिसलेलं आणि कानावर आलेलं जुळतं का, एवढंच विचारावं लागतं. पण ज्याला दिसलं आहे त्याने ते त्याच दिवशी बोललं पाहिजे. मला त्यासाठी तीन प्रेतं लागली.