एक्सलच्या नटावरची रेघ

फिटरनं गाडी परत आणतोय हे बायकोला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही पडली नाही. गल्लीच्या तोंडाशी तो जाडाभरडा, धापा टाकणारा आवाज आला आणि ओट्यापाशी भांडी घासणारी ती जागच्या जागी थांबली. तीन वर्षांनी तो आवाज घराकडे येत होता. नळ चालूच राहिला. मग तो बंद करून ती मागच्या दारात आली, गाडीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "शेडमध्ये ठेवा. दारात नको."

गाडी म्हणजे क्रूझर मोटरसायकल. लांबलचक, बसकी, आरामखुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे सोडून चालवायची. त्यांच्या मुलानं ती घेतली तेव्हाच तिनं तीन मालक पाहिले होते आणि चौथा मिळेल अशी तिची लक्षणं नव्हती. मुलाला सगळे टिल्लू म्हणायचे. तो सहा फूट झाला, नोकरीला लागला, तरी टिल्लूच राहिला. त्यानं दीड वर्ष खपून ती गाडी स्वतःच्या हातानं उभी केली. आणि एका भर दुपारी, सरळ, कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर तिचं मागचं चाक सरकलं आणि टिल्लू गेला. कागदावर लिहिलं गेलं, 'वाहनावरचा ताबा सुटला.' गाडीला फारसं काही झालं नव्हतं. महिन्याच्या आत मेव्हण्यानं ती एका बेकरीवाल्याला देऊन टाकली, डोळ्यांसमोर नको म्हणून. फिटरनं तेव्हा तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे हजार वेळा वाटलं.

कारण आदल्या संध्याकाळी बापलेकांनी मिळून मागचा टायर बदलला होता. टिल्लूची कामाची एक तऱ्हा होती. नट आवळायचा तो किती जोर लागला हे दाखवणाऱ्या मोजणीच्या पान्यानं, मग स्पिरिटनं पुसायचा आणि नटावरून खालच्या लोखंडावर आईच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पंपहाऊसवर बत्तीस वर्षं काढलेल्या फिटरला हे सगळं थेर वाटायचं. "नवरीची नखं रंगवतोयस का रे?" असं तो म्हणायचा. त्याचा पाना म्हणजे त्याचं मनगट. त्या संध्याकाळी टिल्लूला फोन आला, तो बाहेर गेला, आणि मागच्या चाकाच्या एक्सलचा मोठा नट बापानं आवळला. आवळला हे नक्की आठवत होतं. शेवटचा झटका, तो मनगटाला कळणारा अर्धा आटा, तो मात्र आठवत नव्हता. तेवढ्यात जेवायची हाक आली होती, दोनदा.

जेवण झाल्यावर टिल्लू "चार्जर राहिला" म्हणून दहा मिनिटं शेडमध्ये जाऊन आला होता. त्या दहा मिनिटांवर फिटर तीन वर्षं तग धरून होता. पोरानं बापाला न दुखवता गुपचूप नट तपासला असेल, रेघ ओढली असेल. रेघ असेल आणि सरळ असेल, तर नट हललाच नव्हता. नसेल, तर नसेल. नुसता पाना लावून बघण्यात अर्थ नव्हता. बेकरीवाल्यानं सांगितलं होतं, घेतल्या घेतल्या मेकॅनिककडून सगळे नट आवळून घेतले आणि पुढे गाडी फारशी चालवलीच नाही म्हणून. त्या एका रेघेसाठी त्यानं बेकरीवाल्याच्या चार महिने विनवण्या करून गाडी परत मिळवली होती.

आणि आणल्यावर त्याचा धीर झाला नाही. तो नट उजव्या बाजूच्या चामडी पिशवीमागे होता. दोन पट्टे सोडले की पिशवी हातात येते, दोन मिनिटांचं काम. फिटर रोज कामावरून यायचा, कपडे बदलायचा, शेडमध्ये जायचा आणि पुढच्या चाकापासून सुरुवात करायचा. प्लग साफ केले. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. क्लचची वायर बदलली. जिथे लाल रेघ दिसे तिथे मात्र त्याचा पाना थबकायचा. इंजिनाचं ऑइल काढायच्या बोल्टवर रेघ होती. तो बोल्ट उघडला की रेघ तुटणार, आणि ती पुन्हा ओढणारा हात कुठून आणायचा? शेवटी त्यानं वरच्या भोकातून नळी घालून हातपंपानं ते काळं ऑइल थेंब थेंब ओढून काढलं. पंपहाऊसवरच्या लोकांनी पाहिलं असतं तर त्याची वर्षभर टर उडवली असती.

आरसेही त्यानं हलवले नाहीत. ते सहा फुटी माणसाच्या डोळ्यांना लावलेले होते. फिटर बसला की त्यात मागचा रस्ता दिसायचाच नाही, नुसतं आकाश आणि छपरांच्या कडा. गल्लीतून एक फेरी मारताना त्याला सारखं वाटत राहिलं की मागचं जे काही आहे ते कुणीतरी दुसराच बघतोय. फेरी अर्धवट टाकून तो परतला. इंजिन बंद केल्यावर लोखंड निवताना टिक, टिक वाजत होतं, आणि ते थांबेपर्यंत त्याला शेडमधून निघवेना.

बायको शेडमध्ये पाऊल टाकत नव्हती. चहाचा कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जायची. आठव्या दिवशी कप ठेवून ती तिथेच उभी राहिली.

"मागचं चाक पाहिलंत?"

फिटरनं पाना खाली ठेवला. नटाचं त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच.

"उद्या बघतो," तो म्हणाला.

"आठ दिवस उद्याच चाललंय तुमचं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी आला, कपडेही न बदलता शेडमध्ये शिरला आणि विचार करायच्या आत पिशवीचे दोन्ही पट्टे सोडले.

रेघ होती. नटावरून खालच्या पट्टीवर आलेली, सरळ, लाल, कुठेही न तुटलेली.

फिटर खाली बसला. चाकाला डोकं टेकून तो रडला, चांगला हुंदके देऊन रडला. टिल्लूनं तपासलं होतं. बापावर न बोलता पांघरूण घातलं होतं. नट हलला नव्हता, हात चुकला नव्हता. तीन वर्षं छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि त्याला मोकळा श्वास घेता आला.

मग त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा एकदा पाहिलं. पाहायला नको होतं, पण बत्तीस वर्षांची खोड.

टिल्लूची रेघ एकाच फटकाऱ्याची असायची, घाईची, शेवटाला फाटलेली. ही तीन फटकाऱ्यांची होती. आधी मधला, मग एक या कडेचा, एक त्या कडेचा, कडा स्वच्छ राखून. बाई नख रंगवते तशी. आणि खालचं लोखंड पुसलेलं नव्हतं. चेनच्या ऑइलची तीन वर्षांची काळी राप तशीच होती आणि लाल रंग त्या रापेवर बसला होता. त्यानं नख दाबलं. रंग मऊ होता, नखाबरोबर निघून आला.

म्हणजे बायकोनं आधी पाहिलं होतं. या शेडमध्ये एकटीनं येऊन, पट्टे सोडून, कोरा नट पाहिला होता. नेलपॉलिश तर टिल्लू गेल्यापासून घरात नव्हतं, म्हणजे ती दुकानात गेली असणार, तोच रंग शोधून मागितला असणार. आणि आजवर त्याला वाटत होतं की रात्री छताकडे बघत पडणारं माणूस या घरात एकच आहे. त्या संध्याकाळी जेवायला कुणी बोलावलं होतं, तेही दोनदा, हा विचार त्याच्या मनात तीन वर्षांत एकदाही आला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

आत बायको इस्त्री करत होती.

"पाहिलंत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"पाहिलं. रेघ आहे. टिल्लूनं मागाहून तपासलं होतं."

"नीट बघितलंत ना?"

"अगं, एवढी वर्षं दुसरं काय करतोय? त्याचाच हात आहे."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि झालेल्याच कॉलरवरून पुन्हा इस्त्री फिरवली.

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "एक सांगायचं राहिलं होतं. त्या दिवशी तू जेवायला हाक मारलीस ना..."

इस्त्री थांबली.

"तू हाक मारलीस त्याच्या आधीच मी पाना खाली ठेवला होता. काम झालं होतं माझं. हात धुवायलाच निघालो होतो."

"खरंच?"

"अगदी खरं. तुझ्या हाकेनं उठलो नाही मी."

मग तिची नजर टेबलावरच्या त्याच्या हाताकडे गेली. तिनं इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, ओलं फडकं घेतलं, आणि त्याचा हात हातात घेऊन नखाखाली अडकलेला लाल रंग हळूहळू पुसायला लागली.