खैराचं मुसळ

आबाजी सुताराला खूळ लागलं ते एका मोडक्या काठीपायी, आणि ते निस्तरावं लागलं त्याच्या बायकोला, सुंदराला. काठी होती साहेबाची. कर्जतला रेल्वेच्या कामावर आलेला हा साहेब सुट्टीच्या दिवशी उल्हास नदीच्या डोहावर गळ टाकून बसायचा. एवढा पगार घेणारा माणूस एका माशासाठी दिवसभर ऊन खात बसतो, याचं आबाजीच्या भिसेगावातल्या बायांना भारी हसू यायचं. एकदा मोठा मासा लागला आणि काठी मधोमध मोडली. लढाई चालू होती, विलायतेहून दुसरी येण्याची आशा नव्हती. साहेबाने तुकडे आबाजीपुढे टाकले आणि अशी दुसरी करशील का, म्हणून विचारलं.

आबाजीने तुकडा उन्हात धरून पाहिला आणि त्याचं डोकं फिरलं ते तिथेच. वरून एकसंध दिसणारी ती काठी आतून बांबूच्या सहा तिकोनी चिपांची होती, आणि चिपा अशा चिकटवलेल्या की सांध्यात नख शिरू नये. इतकी बारीक चीप हातात धरून तासता येत नाही. तिला बसवायला लांब खाचेचा साचा हवा, खाच पाडायला वेगळी हत्यारं हवीत, आणि ती हत्यारं पेठेत कुणी विकत नव्हतं. काठी करायची तर आधी हत्यारं करायची, आणि ती करायला आणखी हत्यारं करायची.

वर्षभर पडवीत हेच चाललं. पोशा नावाचा ठाकर डोंगरातून भरीव बांबू आणून टाकी आणि आबाजी त्यांच्याकडे देवाकडे बघावं तसा बघत बसे. पेरणीआधी शेतकरी नांगर घेऊन आले, त्यांना त्याने उद्या या म्हणून सांगितलं. तो उद्या काही उजाडला नाही. ते आपले नांगर घेऊन दुसऱ्या सुताराकडे गेले, आणि सुगीत खळ्यावरचं बलुतंही त्याच्याच घरी गेलं. आबाजीला त्याचं काही वाटलं नाही. सुंदराला वाटलं, कारण रिकाम्या कणगीत हात घालायची वेळ तिची होती.

घर तिने मुसळावर तारलं. कर्जतमधल्या काही घरांना गिरणीचा तांदूळ चालत नसे, हातसडीचाच लागे. त्यांचं भात सुंदरा सडून द्यायची. मुसळ तिच्या आईचं होतं, जुन्या खैराचं, सरळसोट आणि लोखंडासारखं जड. आईच्या आणि मग तिच्या तळव्यांनी मधोमध एक खळगा पडला होता. हात तिथे आपोआप बसायचा आणि मुसळ पडायचं ते नेमकं. तांदूळ अख्खा निघे, कणी होत नसे, आणि म्हणूनच लोक भात तिच्याकडे पाठवत. दारात नांगर यायचे बंद झाले, तरी चूल पेटत राहिली ती या मुसळामुळे.

आबाजीची हत्यारं मात्र घर खाऊनच वाढत होती. आधी तिच्या जुन्या विळीचं पातं गेलं, त्याचा बोटभर रंधा झाला. मग जेवायच्या पाटाचं चाक झालं. चिपांवर दोरा घट्ट गुंडाळायला ते हवं होतं म्हणे. सुंदराने तोंड सोडलं, पण मनात तिला थोडं कौतुकही होतं, खोटं कशाला बोला. त्या बोटभर रंध्यातून निघणारी बांबूची सळसळीत साल बघत ती कधीकधी उभी राहायची. गाडी अडली होती ती साच्यापाशी. साग झाला, बाभूळ झाली, पण पावसाची हवा लागली की लाकूड पीळ खायचं आणि बारीक खाच वाकडी व्हायची. जन्मभर वाळलेलं, हलायचं विसरलेलं लाकूड हवं, असं आबाजी जेवता-जेवता पुटपुटायचा. ते लाकूड घरातच कोपऱ्याला टेकून उभं आहे, हे सुंदराच्या ध्यानात आलं नाही. आबाजीच्या आलं.

थंडीत ती भावाच्या घरी, खालापूरकडे गेली. भावजय बाळंत झाली होती, म्हणून चांगली महिनाभर राहिली. परत आली तर आबाजी दारातच उभा, वर्षात पाहिला नव्हता इतका खुशीत. हाताला धरून त्याने तिला पडवीत नेलं. तिथे दोन लांब पट्ट्या शेजारी शेजारी बोल्टांनी आवळलेल्या होत्या, आणि मधल्या सांध्यातून एक बारीक खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ सुतात गेली होती. रंग तांबूस, खैराचा. सुंदराने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता.

त्याने मुसळ उभं चिरलं होतं. पट्ट्या सरळ याव्यात म्हणून मधला खळगा रंध्याने साफ काढून टाकला होता. सुंदराने तिथे बोट फिरवलं. तिची आई त्या दिवशी दुसऱ्यांदा गेली.

आबाजीने तिची समजूत काढली. तुला नवं मुसळ करून देतो म्हणाला, आणि दिलंही, बाभळीचं, अर्धवट वाळलेलं, घाईघाईत तासलेलं. त्याने तांदळाची कणी होऊ लागली. ज्या घरांना तिचा अख्खा तांदूळ लागायचा त्यांनी एकदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग भात पाठवायचंच बंद केलं. आता शेजारणीकडून पसा-पसा उसनं आणायची पाळी आली. जिने आयुष्यात कुणापुढे सूप पसरलं नव्हतं, तिला ते रोजचं झालं. त्या सुपापायी तिला नवऱ्याची जेवढी चीड आली तेवढी आणखी कशापायीच आली नाही.

काठी झाली. झाली ती देखणीच झाली. शिमग्याच्या सुमारास साहेबाने ती डोहावर नेली, मोठा मासा ओढून काढला, आणि दुसऱ्याच दिवशी भिसेगावात येऊन आबाजीची पाठ थोपटली. त्याच्या मित्रांनाही अशा काठ्या हव्या होत्या, पावसाआधी. मग त्याने हत्यारं पाहिली. साच्यावरून हात फिरवून, हे असलं लाकूड कुठून आणलंस, असं विचारलं. जुना खैर आहे, घरातच होता, असं आबाजी म्हणाला. सुंदरा दाराआड ऐकत होती. मुसळ हा शब्द काही तिच्या कानावर आला नाही.

वैशाखात त्यांच्या लेकीचं, ठकीचं लग्न होतं, आणि साहेबाने दिलेले पैसे त्यातच जाणार होते. आबाजी हवेत होता. लग्न उरकलं की काठ्यांना बसतो, मग बघ आपले दिवस कसे फिरतात, असं येईल त्याला सांगत होता. सुंदराला तो म्हणाला, की घाण्यासाठी शेजारून मुसळं मागून आण. लग्नाच्या आधी घाणा भरतात, म्हणजे दोन मुसळं आंब्याच्या डहाळीने एकत्र बांधून सवाष्णी उखळात हळद कांडतात. लग्नघराची ती पहिली हळद. मुसळं मागून आण, हे आबाजी अगदी सहज बोलला होता. सुंदराने मान हलवली.

घाण्याच्या सकाळी आबाजी मांडवाचे खांब रोवत होता. सुंदरा पडवीत गेली. तिने साच्याचे बोल्ट फिरवून काढले, पट्ट्या सुट्या केल्या, धुतल्या आणि आंब्याची डहाळी लावून त्या सुताने पुन्हा एकत्र बांधल्या. सवाष्णी जमल्या. तिची नणंद अंबाबाई त्या चपट्या मुसळांकडे बघून बुचकळ्यात पडली, पण लग्नघरात फार विचारू नये म्हणून तिनेही हात लावला. गाणं सुरू झालं आणि पहिला घाव हळकुंडांवर पडला.

त्या आवाजाने आबाजी आत आला. दारातच थबकला. बायकांच्या मुठी खाचेवर आवळलेल्या होत्या, बांगड्या खाचेच्या धारेवर आपटत होत्या. खाली टोकाला चीर पडली होती आणि दर घावाला वर सरकत होती. तो एक पाऊल पुढे आला. पण घाणा मधे थांबवणं म्हणजे पोरीच्या संसाराला अपशकुन, आणि ठकी समोरच बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, आईकडे बघत हसत. आबाजीने हात मागे घेतला.

"शेजारून आण म्हनलं हुतं," तो कसाबसा बोलला.

"घाण्याला दोन मुसळं लागत्यात," सुंदरा म्हणाली. "तुमी आधीच दोन करून ठेवलीत. पोरीच्या हळदीला दुसऱ्याचं कशाला? माज्या आईचं हाय."

गाणं काही थांबलं नाही. हळद कुटून झाली, चांगली बारीक झाली.

ठकी सासरी गेली. मांडव उतरला. आबाजी पडवीत त्या पट्ट्या मांडीवर घेऊन बसला होता. खाचेत पिवळी हळद घट्ट बसली होती. ती काडीने कोरून काढता काढता तो अंगठ्याने धार चाचपत होता. धार जागोजाग चावल्यासारखी झाली होती आणि चीर पार अर्ध्यापर्यंत गेली होती. असं लाकूड आता दुसरं मिळणार नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"सुंदरा," मान वर न करता तो म्हणाला, "ह्याचं काय व्हईल, तुला ठाव हुतं."

"व्हय," ती म्हणाली. "आन् चिरताना तुमाला ठाव हुतं."

 सुंदराने त्याच्या मांडीवरची एक पट्टी उचलली आणि उखळापाशी नेऊन दोन्ही हातांनी धरली. सवयीने तिचे तळवे खळगा शोधत वरखाली फिरले. आबाजीचं काम बिघडवून तिला बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. पाऊस तोंडावर आला होता, दारात नांगर नव्हता, आणि सडायला घरात कुणाचं भात नव्हतं. तिने पट्टी खाली ठेवली, सूप उचललं आणि शेजारणीच्या दाराकडे निघाली.