अ‍ॅमस्टरडॅमचं अर्धं पुस्तक

मित्रांनो, मी एक जुनं प्रवासाचं पुस्तक आहे, आणि आता अर्धाच उरलो आहे. अ‍ॅमस्टरडॅम शहर पाहायला जाणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवण्यासाठी मला छापलं गेलं. काय पाहावं, कुठे जेवावं आणि मन कुठे रमवावं, असे माझे तीन भाग होते. आज मला उघडलंत तर पहिलं पान सापडणार नाही. मी एकदम एकशे एकोणिसाव्या पानापासून सुरू होतो. ते कसं झालं, हेच सांगायचं आहे.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझा कागद इतका गुळगुळीत होता की पानं एकमेकांवरून घसरत. खोक्यात बसून मी टोरांटोच्या पश्चिमेला, एटोबिकोच्या एका सार्वजनिक वाचनालयात आलो. पाठीवर नंबर चिकटला आणि मी कामाला लागलो. त्या वर्षांत वाचकांबरोबर मी पाच वेळा विमानात बसलो. एका नर्सबाईंनी माझ्यावर कॉफीचा कप ठेवला. एका निवृत्त मास्तरांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'इथले छोटे पॅनकेक चुकवू नका.' परत आणून देताना लोक काउंटरवर सांगत, फार उपयोग झाला. ते ऐकून माझी पानं फुलून येत.

पण फळीवर उभं राहणं मला कधीच मानवलं नाही. आम्हा प्रवासपुस्तकांना एक दुखणं असतं. गोष्टीच्या पुस्तकातला राजा शंभर वर्षं राजाच राहतो. आमचं तसं नाही. तिकडे एखादं हॉटेल बंद पडतं, ट्रामचा नंबर बदलतो, आणि इकडे उभ्या उभ्या आमचं एक वाक्य खोटं होतं. आपण रोज थोडे थोडे खोटे होत चाललो आहोत आणि काहीच करता येत नाही, ही तगमग फार वाईट असते.

शेवटी माझी नवी आवृत्ती आली. माझ्यावर 'रद्द' असा शिक्का बसला आणि मी वाचनालयाच्या बेसमेंटमध्ये, जुन्या पुस्तकांच्या विक्रीच्या टेबलावर जाऊन पडलो. तिथे मला शोशनाबाई भेटल्या.

शोशना नवगावकर मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घराण्यातल्या, मुंबईत वाढलेल्या आणि तीस वर्षांपूर्वी कॅनडात आलेल्या. इथे एका डेकेअरमध्ये मुलं सांभाळून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मला चाळताना त्या स्वतःशीच मराठीत पुटपुटत होत्या. ते टेबलामागच्या स्वयंसेविकेने ऐकलं. ती माधवी, पुण्याची.

"मावशी, ते नका घेऊ," माधवी म्हणाली. "फार जुनं झालंय. यातली निम्मी रेस्टॉरंट्स बंद झाली असतील."

"कालवे तर बुजवले नाहीत ना?" शोशनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पिशवीत टाकलं.

त्यांचं घर विमानतळाजवळच्या एका कॉन्डोत, नवव्या मजल्यावर होतं. मी पोचलो तेव्हा त्यांचे यजमान बेन्सियन खिडकीशी उभे होते. त्यांनी चोवीस वर्षं त्याच विमानतळावर विमानात सामान चढवलं होतं. जगभरच्या शहरांच्या बॅगा त्यांच्या हातांतून गेल्या, पण स्वतःची बॅग फक्त मुंबईला गेली. विमान डोक्यावरून गेलं की ते आवाजावरून आणि घड्याळावरून ओळखत.

"अ‍ॅमस्टरडॅम चाललं," ते म्हणायचे. "किती वर्षं भरलं हे विमान! पोटात काय आहे ते मला ठाऊक. उतरल्यावर पुढे काय आहे ते नाही."

म्हणूनच शोशनाबाईंनी मला घरी आणलं होतं.

जायचं ठरलंही. एका एप्रिलची तिकिटं काढली, आणि त्याच मार्चमध्ये साथ आली. सगळं जग घरात बसलं. मी स्वयंपाकघरातल्या खणात, ग्रोसरीच्या जाहिरातींखाली गेलो. विमानं पुन्हा नीट उडायला लागली, तोवर बेन्सियनच्या डोळ्यांनी दगा दिला होता.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. आधी सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या. मग नजरेच्या मधोमध एक राखाडी ठिपका बसला आणि पसरत गेला. कडेचं थोडं दिसे, समोरचं दिसत नसे. वाचणं सुटलं, गाडी सुटली. ते घरात फेऱ्या मारू लागले. खिडकीपासून दारापर्यंत अकरा पावलं, दारापासून खिडकीपर्यंत अकरा. हात सतत काहीतरी शोधत असत, शर्टाचं बटण, खुर्चीची पाठ, किल्ल्या. विमान गेलं तरी ते आता काही बोलत नसत. शोशनाबाई मला खणातून काढत, दोन पानं उलटत आणि परत ठेवत. खणात मी तळमळत होतो, बाहेर ती दोघं.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका रविवारी त्यांची मुलगी डॅनिएला जवळच्या ग्वेल्फ शहरातून जेवायला आली. ती तिथे धान्यावर संशोधन करते. शोशनाबाईंनी भात वाढता वाढता विषय काढला.

"मे महिन्यात आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला जातोय. मी तिकिटं बघून ठेवलीत."

बेन्सियनचा हात ताटावरच थांबला. "मी काय बघणार तिथे?"

"आई, बी रिअलिस्टिक," डॅनिएला म्हणाली. "पप्पांना फुटपाथची कड दिसत नाही. तिथे सगळीकडे सायकली आणि पाणी. यू कान्ट मॅनेज अलोन."

"दहा-दहा पोरं हाताला धरून रस्ता क्रॉस केलाय मी."

"मी तुझ्या डेकेअरमधलं पोर नाही!" बेन्सियन ओरडले. खुर्ची मागे सरकली आणि फेऱ्या सुरू झाल्या. "लोक तिथे बघायला जातात, शोशना. चित्रं बघायला, घरं बघायला. तुझ्या त्या पुस्तकात तरी दुसरं काय आहे? पहिल्याच पानावर काय लिहिलंय? काय पाहाल!"

शोशनाबाई उठल्या आणि त्यांनी खण उघडला. मला वाटलं, आता मला वाचून दाखवणार. पण त्यांच्या दुसऱ्या हातात मासे साफ करायची मोठी कात्री होती.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? फार दुखलं. त्यांनी मला उताणं धरलं आणि माझा पहिला भाग, अगदी शिवणीपासून, कापून काढला. एकशे अठरा पानं. राजवाडा, चित्रसंग्रहालयं, जुनी चर्च, पुलांचा नकाशा. सगळी पानं त्यांनी रिसायकलिंगच्या निळ्या डब्यात टाकली. ती पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही.

"आई! व्हॉट आर यू डूइंग?" डॅनिएला उभीच राहिली.

शोशनाबाईंनी उरलेल्या मला बेन्सियनच्या हातात कोंबलं. त्या म्हणाल्या, "अहो, हे घ्या. बघायचं होतं तेवढं काढून टाकलं. आता यात फक्त खायचं आणि ऐकायचं उरलंय. हाताने चाचपा, किती जाड आहे ते."

बेन्सियननी माझ्या कापलेल्या कण्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"वेडी आहेस का? पुस्तक कापतात?"

"मग काय करू? पाच वर्षं झाली."

ते खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "खायचं आधी आहे की ऐकायचं?"

"खायचं."

"वाच."

निघण्याच्या दिवशी डॅनिएला त्यांना सोडायला आली. तिने घडीची पांढरी काठी आणली होती. बेन्सियननी ती उघडलीसुद्धा नाही. "असू दे," म्हणत कोटाच्या खिशात ढकलली.

अ‍ॅमस्टरडॅममध्ये पहिल्याच सकाळी माझी लाज गेली. माझ्यात दिलेल्या एका गल्लीतल्या चार खाणावळींपैकी तीन उठून गेल्या होत्या. एकीच्या जागी मोबाइलचं दुकान. मला कुठे तोंड लपवू असं झालं. पण मास्तरांनी पेन्सिलीने खूण केलेलं पॅनकेकचं दुकान जागेवर होतं. तिथे लोखंडी साच्याच्या खळग्यांत पीठ पडत होतं आणि चर्र असा आवाज येत होता. बशी आली. बेन्सियननी एक तोंडात टाकला आणि थांबले.

"अगं, हे तर आप्पे!"

"आप्पेच हो," शोशनाबाई हसत म्हणाल्या. "वरून लोणी-साखर घातली की झाले डच."

पुढे एका हातगाडीवर चिरलेल्या कांद्यात लोळवलेला हेरिंग मासा मिळाला. गाडीवाला तो शेपटीने कसा धरायचा ते समजावू लागला. बेन्सियन त्याला चक्क मराठीत म्हणाले, "बाबा रे, आम्ही अलिबागचे. मासा धरायला आम्हाला शिकवू नकोस." आणि तीन मासे खाल्ले. माझ्या एकशे बेचाळिसाव्या पानावर तेलाचं बोट उमटलं.

दुपारी ते बोटीत बसले. कालव्यावरून घंटा ऐकू आल्या, एकामागून एक, अगदी गाणं वाजावं तशा.

"कुठल्या घंटा या?" बेन्सियननी विचारलं.

शोशनाबाईंनी सवयीने मला उघडलं. ते पान माझ्यात नव्हतं. त्यांचा हात माझ्या कापलेल्या कडेवर तसाच राहिला. त्यांना काय वाटलं असेल ते मला त्या हातावरून कळलं.

"नाव नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "पण थांबा, दिसतंय ते सांगते. उंच मनोरा आहे. टोकावर निळा मुकुट घातल्यासारखं काहीतरी. घरं तर इतकी अरुंद आणि खेटून उभी, की जशा लग्नातल्या फोटोत आपल्या आत्या-मावश्या. एकजण वाकलीय पुढे, अशी वाकलीय, की पाण्यात कोण पडलं ते बघतेय बहुतेक."

बेन्सियन हसले. मग त्यांनी तोंड पलीकडच्या काठाकडे वळवलं.

"इकडे बघा ना," शोशनाबाई म्हणाल्या.

"सरळ तुझ्याकडे बघितलं की तू दिसत नाहीस. असं बघितलं की डोळ्याच्या कोपऱ्यात येतेस. बोल तू. घरं सांग."

त्या तासभर घरं सांगत राहिल्या. माझ्या त्या एकशे अठरा पानांत असं एकही वाक्य नव्हतं.

मग बुधवार आला. माझ्यात ठळक छापलं होतं की एका जुन्या संगीतगृहात दर बुधवारी दुपारी वाद्यवृंद मोफत ऐकवतात, नुसतं आत जाऊन बसावं. बेन्सियन सकाळपासून त्याचीच वाट पाहत होते. दारावरच्या माणसाने मान हलवली. आता आधी ऑनलाइन जागा धरावी लागते, आजच्या सगळ्या गेल्या, कुणी आलं नाही तर शेवटच्या पाच मिनिटांत सोडतो, त्या रांगेत थांबा, असं त्याने सांगितलं. पुन्हा मी खोटा ठरलो होतो, आणि या वेळी अगदी नको तिथे.

रांग कसली, गर्दीच होती. दार उघडताच लोंढा पुढे सरकला. त्या रेट्यात शोशनाबाईंच्या हातातून बेन्सियनचा हात सुटला. त्या दारापाशी ढकलल्या गेल्या आणि ते मागे पायऱ्यांशी राहिले. लोक दोन्ही बाजूंनी घुसत होते, आणि ते दोन्ही हात पुढे करून जागच्या जागी उभे होते.

"अहो!" शोशनाबाई ओरडल्या. "थांबा, मी येते!"

"तू हलू नकोस! आवाज देत राहा!"

बेन्सियननी खिशात हात घातला. घडी सुटली, पांढरी काठी उभी राहिली. टक, टक. लोकांनी वाट दिली. "इकडे, अहो, इकडे," असं शोशनाबाई म्हणत राहिल्या आणि ते एकेक पायरी चढत त्यांच्या आवाजापर्यंत आले.

जागा दोनच उरल्या होत्या, त्याही दूर दूर. एक पुढे, एक पार मागे.

"नको," शोशनाबाई म्हणाल्या. "राहू दे. एकटे कसे बसाल?"

"का? ऐकायला शेजारी कशाला लागतं?" बेन्सियन म्हणाले. "बाहेर भेटू."

आणि जागा दाखवणाऱ्या एका तरुणीच्या कोपराला हात लावून ते मागच्या रांगेकडे निघून गेले.

मी शोशनाबाईंच्या मांडीवर होतो. वाद्यं सुरू झाली, पण त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. त्यांची बोटं माझी कड मुडपत होती. त्या दर मिनिटाला मागे वळून पाहत. ते उठले तर? पडले तर? हाक मारली तर? चौथ्या-पाचव्यांदा वळल्या तेव्हा ते त्यांना नीट दिसले. काठी गुडघ्यांवर आडवी, डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात काठीवर ठेवलेले. ते हात काही शोधत नव्हते. त्या पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग पुढे वळल्या, माझ्यावरची बोटं सैल झाली, आणि त्याही ऐकू लागल्या.

मित्रांनो, आता मी एटोबिकोतच आहे, पण खणात नाही, जेवणाच्या टेबलावर. डॅनिएला मला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घालणार होती. बेन्सियननी घालू दिलं नाही. ते परवा काठी घेऊन एकटेच बसने वाचनालयात गेले आणि लिस्बनच्या प्रवासपुस्तकाची मागणी नोंदवून आले. ते पुस्तक आल्यावर माझी जागा त्याला द्यावी लागेल. थोडं वाईट वाटतं, पण अस्वस्थ वाटत नाही.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. आम्हा पुस्तकांना जपा, पाण्यात भिजवू नका, उगाच फाडू नका. पण जपायचं म्हणून खणात कोंडूनही ठेवू नका. आम्ही वाट पाहता पाहता खोटे होतो, आणि आमच्याबरोबर वाट पाहणारी माणसंही थकत जातात. तुमच्या घरात असं एखादं माणूस असेल, तर आज जेवताना त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "कधी निघायचं?"