निशाणाशेजारची जागा

"शिपाई यशवंता पिसाळ यास एका आकृतीच्या जागी दोन आकृत्या दिसतात. दृष्टिदोषामुळे तो नेमबाजीस अपात्र आहे. हेतुपुरस्सर अवज्ञा आढळून आली नाही." सिंगापूर, नोव्हेंबर १९४१. खाली पलटणीच्या गोऱ्या डॉक्टरची सही आणि शिक्का.

मैत्रेयी खरातला ही तीन वाक्यं एव्हाना तोंडपाठ झाली होती. ती सिंगापूरच्याच विद्यापीठात इतिहासाची संशोधक. सिंगापूर पडल्याला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून २०१७च्या फेब्रुवारीत तिथली मराठी मंडळी एक प्रदर्शन भरवणार होती, आणि त्यासाठी डॉक्टरच्या वारसांनी एका ग्रंथालयाला दिलेली कागदांची पेटी तिने चार महिने उपसली होती. वाक्यं तीन होती. खोटेपणाही तिन्हींत होता, फक्त वेगवेगळ्या प्रतीचा.

त्याच डॉक्टरने त्याच सकाळी, आदल्याच पानावर, शिपायाने तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ न अडखळता वाचल्याची नोंद केली होती. पुढच्याच महिन्यात या अपात्र डोळ्यांच्या माणसाला छपरावर विमानं हेरायला बसवलं गेलं. तो तीन म्हणाला तेव्हा तीनच आली. एकाची दोन दिसणाऱ्याने सहा सांगायला हवी होती. जानेवारीत त्याच्यावर 'उपचार' सुरू झाले. एकवीस दिवस डोळ्यांवर पट्टी आणि अंधारी खोली, नंतर कानशिलांना विजेचे झटके, आणि प्रत्येक झटक्यानंतर हातात चष्मा नव्हे, बंदूक. दारावर पहारेकरी. डोळ्यांच्या आजाराला पहारेकरी लागतो, हे वैद्यकशास्त्राला तोवर ठाऊक नसावं.

सैन्याची अडचण मैत्रेयीला स्वच्छ दिसत होती. मी मारणार नाही, असं म्हणणाऱ्या शिपायावर खटला भरावा लागतो. खटल्यात तो बोलतो, आणि ते बोलणं बाकीचे आठशे ऐकतात. आंधळेपणा मात्र संसर्गजन्य नसतो. म्हणून ज्याला माणूस मारायचा नव्हता त्याला आंधळा ठरवण्यात आलं, आणि ही दयाबुद्धी समजली गेली. उपचारांचा गुण आला नाही तेव्हा फेब्रुवारीत त्याला बंदुकीशिवाय आघाडीवर पाठवलं. त्यापुढे कागद नाहीत. यशवंता पिसाळ हे नाव तिला कुठल्याही यादीत सापडलं नाही.

पेटीच्या तळाशी दोन वस्तू होत्या. एक, निशाणाचा मोठा कागद: डावीकडे काळ्या शाईत छापलेला पूर्ण उंचीचा शत्रू आणि उजवीकडे, कोऱ्या जागेत, इतस्ततः पडलेली सत्तेचाळीस भोकं. छापील माणसाला एकही गोळी लागली नव्हती. दुसरा, मोडी लिपीतला एक चिठोरा. त्याला टाचलेल्या इंग्रजी शेऱ्यात डॉक्टरने लिहिलं होतं: आरोपीचा कबुलीजबाब, असंबद्ध, भाषांतराची गरज नाही. पहिल्या पानावरचा रुग्ण शेवटच्या पानावर आरोपी झाला होता. खोटं बोलणाऱ्यांना सगळीच पानं सांभाळता येत नाहीत.

मैत्रेयीला मोडी येत होती. तिने चिठोरा वाचला आणि, लाज वाटावी अशी गोष्ट, तिचंही मत डॉक्टरसारखंच झालं. कानशिलांना वीज लावलेला माणूस आणखी काय बोलणार? तिने मजकुराचं लिप्यंतर करून ते फाइलीत ठेवून दिलं.

यशवंताचा मुलगा भाऊसाहेब सिंगापूरच्या हौगांग वस्तीत, समीरच्या म्हणजे आपल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये, तीन महिन्यांसाठी आला होता. वय एक्क्याऐंशी. गाव वाईजवळ. बाप पलटणीबरोबर परदेशी गेला तेव्हा तो पाच वर्षांचा होता. पुढं काय झालं ते पलटणीतून परतलेल्या कुणीतरी अर्धवट सांगितलं आणि गावाने त्याला जन्मभर 'आंधळ्याचा' म्हणून हाक मारली. आई त्या हाकेला शेवटपर्यंत उत्तर देऊ शकली नाही. बापाचं नाव एकदा, कुठेतरी, छापलेलं बघावं आणि त्याचा फोटो गावी न्यावा, एवढ्यासाठी म्हातारा विमानात बसला होता.

प्रदर्शनाचे कार्यवाह उल्हास पेठे यांनी मजकूर तयार ठेवला होता: 'दृष्टी गमावूनही ज्यांनी रणभूमी सोडली नाही.' नातेवाइकाची सही झाली की तो छापखान्यात जाणार होता, आणि सहीसाठी आजचा दिवस शेवटचा होता. मैत्रेयीने फोनवर डोळे शाबूत असल्याचे पुरावे सांगितले. उल्हासरावांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"मॅडम, प्रदर्शन शौर्याचं आहे," ते म्हणाले. "त्यात गोळी न मारणारा कुठे बसवू? आंधळा असेल तर नाव राहील. डोळस असेल तर काढावं लागेल."

सैन्याचा युक्तिवाद पंचाहत्तर वर्षांनी, एका अक्षराचाही फरक न होता, मराठीत ऐकल्याचं तिला नवल वाटलं नाही.

दुपार कलताना ती हौगांगला पोचली तेव्हा भाऊसाहेब एकटेच होते. समीर आणि त्याची बायको उल्का कामावर होती. निशाणाच्या कागदाची तिने प्रदर्शनासाठी त्याच मापाची कापडी नक्कल करून घेतली होती, भोकं जिथल्या तिथे कापलेली. ते कापड तिने पश्चिमेच्या खिडकीत पडद्याच्या दांडीला चिमटे लावून टांगलं आणि डोळ्यांबद्दलचं सगळं एकेक करून सांगितलं. म्हाताऱ्याने मध्ये एकदाच विचारलं.

"म्हंजे दिसत हुतं त्यांना?"

"तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं."

"मग मारली का न्हाई?"

तिच्याकडे उत्तर होतं, सदसद्विवेकाचं, पुस्तकी आणि बहुधा खरं. पण ते बोलायच्या आधी सूर्य समोरच्या इमारतीशेजारच्या मोकळ्या फटीत उतरला आणि कापडातून ऊन आत शिरलं.

समोरच्या भिंतीवर, भाऊसाहेबांच्या खुर्चीच्या बाजूला, छापील माणसाची गडद सावली पडली. तिच्या शेजारी सत्तेचाळीस ठिपके उजळले. कागदावर ते चार महिने विस्कटलेले होते. भिंतीवर ते विस्कटलेले नव्हते. डोकं होतं, खांदे होते, आखूड सदऱ्याचा घेर होता. एक हात वर जाऊन सावलीचं बोट धरल्यासारखा थांबला होता. त्या रूपरेषेच्या आत कुठेही ठिपका नव्हता. मैत्रेयीने आजवर फक्त माणूस तपासला होता. चुकलेल्या गोळ्यांकडे कोण बघतं? सूर्य जसजसा उतरत गेला तसतशी आकृती भिंतीवर इंचाइंचाने वर सरकू लागली, बसलेलं मूल उठून उभं राहावं तशी. आता तिचा चेहरा असता तर तो खुर्चीतल्या माणसाच्या चेहऱ्याशी आला असता.

पंख्याने कापड हललं. सावली हलली. ठिपके मात्र, निदान तिला तरी तसं वाटलं, हलले नाहीत.

भाऊसाहेब वर बघत नव्हते. ते ठिपक्यांच्या तळाशी, पावलांकडे बघत होते. एक पाऊल सरळ होतं. दुसरं घोट्यापासून आत वळलेलं. त्यांनी हळूच आपली चप्पल काढली आणि पाय पुढे केला. तो तसाच वळलेला होता.

"आंब्यावरनं पडलो," ते म्हणाले. "एक्केचाळीसच्या गणपतीत. हाड वाकडं बसलं."

"आईंनी पत्रात कळवलं असेल."

"पत्र मास्तर लिवायचे. आईनं त्यांना शपथ घातली हुती, हे लिवायचं न्हाई म्हणून. तिकडं जिवाला घोर नको." त्यांनी भिंतीवरच्या आकृतीकडे बोट केलं. "आन् वडील बोटीत बसले तवा मी एवढा नव्हतो, ताई. ह्यो वाढल्याला हाय. एवढा त्यांनी मला कधी बघितलाच न्हाई."

मैत्रेयीच्या व्यवसायात अशा वेळी स्रोत विचारतात. तिने विचारला नाही. तिने फाइल उघडून त्या चिठोऱ्याचं लिप्यंतर काढलं, आणि आपण ते का बाजूला ठेवलं होतं हेही सांगून टाकलं: तिला ते वेड्याचं बोलणं वाटलं होतं. हे छापायचं म्हटलं तर नाव राहणार नाही, हेही तिने सांगितलं. उल्हासरावांनी सहीसाठी दिलेला कागद टेबलावर तसाच होता, सहीची जागा रिकामी.

म्हाताऱ्याने पेन घेतलं. मग 'दृष्टी गमावूनही'वर त्यांनी आडवी रेघ ओढली, नंतर उरलेल्या ओळीवरही, आणि सही त्या कागदावर न करता फाइलीतल्या लिप्यंतराखाली केली.

"नाव जाऊ द्या," ते म्हणाले. "ह्ये कापड लावा, आन् खाली त्यांचं बोलणं लावा. नसतील लावत तर मी गावी नेतो. वाचा आता."

ठिपके छताजवळ पोचले होते. तिने वाचलं.

"माझा नेम चुकला नाही, साहेब. मला लांबचं स्वच्छ दिसतं. तुम्ही पुढं माणूस उभा केला की त्याचं बोट धरून माझा पोरगा उभा राहतो. पाय मोडलाय त्याचा, त्याला बाजूला होता येत नाही. तुम्ही गोळी झाडायचा हुकूम देता, म्हणून मी झाडतो. त्याला लागू नये म्हणून त्याच्या कडेकडेनं झाडतो."