ओढ्याकाठची लाल पट्टी

दगडाबाईंनी पिशवीतून हिरव्या लोकरीची लडी काढली, हात लांब करून ती खालच्या उसावर धरली आणि एक डोळा मिटला. रंग काही जुळेना. मग त्यांनी दुसरी, जराशी पिवळसर लडी धरून पाहिली. साठी उलटलेली बाई माळावरच्या खडकावर बसून असे लोकरीचे झेंडे दाखवत होती, आणि गोठ्याच्या आडोशाला उभा राहून तिचा धाकटा भाऊ, निवृत्त सुभेदार हंबीरराव, तिच्यावर नजर ठेवून होता. सीमेवर तरी त्यांनी इतक्या बारकाईनं टेहळणी केली होती की नाही, देव जाणे.

बहीण कुपवाडहून आली होती ती त्यांच्याच बोलावण्यावरून. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणीचंही नाव लागलं होतं, आणि ते निघायचं तर तिची हक्कसोडाची सही लागणार होती. रहिमतपूरच्या त्या पट्ट्यात बहिणी अशी सही देत आल्या आहेत. भाऊ साडीचोळी करतो, गोडधोड जेवू घालतो, आणि माहेरची वाट उघडी राहावी म्हणून बहीण मुकाट्यानं सही करून आपल्या घरी जाते. फोनवर दगडाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "देते की. पर जरा आधीच येते. रान बघायचंय."

तेव्हाच हंबीररावांच्या मनात पाल चुकचुकली होती. सही करायला येणाऱ्या बाईनं रान कशाला बघायचं?

आली त्या दिवसापासून दगडाआक्का रोज सकाळी माळावर जायची. तिथून सगळं रान पायाखाली दिसतं. वरचा खडक, मग वाळक्या गवताची टेकडी, मग काळी जमीन, ऊस, आणि सगळ्यात खाली ओढा. हे सगळं तिच्या सुयांवर उतरत होतं. ती मफलर विणत होती, आणि मफलर म्हणजे हुबेहूब त्यांचं रान होतं. वरच्या टोकाला करडा खडक, त्याखाली गवताचा पिवळा, मग काळा, मग हिरवा. विणकामाचं हंबीररावांना नवल नव्हतं. ते फौजेत होते तेव्हा दर हिवाळ्यात पार्सलनं आक्काचा स्वेटर यायचा, आणि बराकीत सगळे हेवा करायचे. पण ते स्वेटर साधे होते. त्यात कुणाची जमीन नव्हती.

शिवाय ती विचारायची फार.

"हंबीर, चिंचंच्या खाली आदी काळं रान लागतं का मुरमाड?"

"काळं."

"आन काळ्याची रुंदी? उसाच्या निम्मी आसंल का?"

हंबीररावांनी घास तसाच हातात धरला. ते बायकोकडे बघत राहिले. अंबूबाईंनी नणंदेच्या ताटात भाकरी वाढली आणि नवऱ्याकडे बघायचं टाळलं. आक्का परसात हात धुवायला गेल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले,

"मफलर इनाय रानाची मापं कशाला लागत्यात?"

"आवं, वन्सं रंग जुळवत्यात. तुमचं आपलं कायतरीच."

"तुला न्हाई कळायचं. कुठंतरी पानी मुरतंय."

पाणी मुरायला जागाही होती. आक्काचा मुलगा वीरधवल कुपवाडच्या कारखान्यात होता, मोटारसायकलवर फिरायचा, चार शहाण्या माणसांत ऊठबस करायचा. आईनं सही करू नये असं त्यानं पढवलं असेल तर? बहिणीला हिस्सा मिळतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यात दुसऱ्या दिवशी अंगणातून तिचा फोनवरचा आवाज कानावर आला, "व्हय रं. उसापातूर झालंय. आता वड्याकडचं तेवढं ऱ्हायलंय. त्येच खरं म्हत्त्वाचं."

ओढ्याकडचं रान सगळ्यात कसाचं होतं. हंबीररावांनी दारामागं उभं राहून ते ऐकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. स्वतः बहिणीच्या वाट्याचं मागायला निघालेल्या माणसाला सगळी दुनिया मागतेय असंच वाटणार.

आणि मग ती लाल पट्टी उगवली. हिरवा ऊस संपतो तिथं, ओढ्याच्या जरा अलीकडे, मफलरच्या या काठापासून त्या काठापर्यंत चार बोटं रुंद, कुंकवासारखी लाल. रानात तसा लाल रंग कुठंच नव्हता. ना माती लाल, ना पीक लाल. आक्का अंघोळीला गेल्याचं बघून हंबीररावांनी मोबाइलवर मफलरचा फोटो काढला आणि थेट लालासाहेबांचं घर गाठलं. लालासाहेबांनी निम्मं आयुष्य बांधाच्या कज्ज्यात घालवलं होतं, त्यामुळे जमिनीच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

लालासाहेबांनी चष्मा चढवला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"सुभेदार, ह्यो तर गटाचा नकाशा हाय."

"तेच म्हंतोय मी."

"बाकी समदं रान ज्येच्या त्येच्या रंगात, आन वड्याकाठीच तेवढं लाल. गड्या, बहिणीनं आपला हिस्सा आखला बघ. मोजनीच्या साखळीनं न्हाई, टाक्यानं आखला. कोर्टात दाखवाय बी सोपं."

मफलर कोर्टात कसा दाखवतात हे लालासाहेबांना कुणी विचारलं नाही, आणि हंबीररावांना तर तो विचारसुद्धा शिवला नाही. ते तावातावानं घरी आले. रात्री अंथरुणावर तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिले. सकाळी न्याहरीला बसल्यावर मात्र त्यांच्याच्यानं राहवेना.

"आक्का, मफलर झ्याक झालाय."

"आवडला व्हय?" आक्काचा चेहरा उजळला.

"आवडला की. एवढंच इचारायचं हुतं," ते हसत म्हणाले, पण हसणं डोळ्यांत उतरलं नव्हतं. "ती लाल पट्टी कुनाच्या नावावर लावायची?"

अंबूबाईंच्या हातातलं थालीपीठ परातीतच राहिलं. दगडाबाई भावाकडे बघत राहिल्या. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून काळाची नजर लागू नये अशा बेतानं आईनं त्यांचं नाव दगडा ठेवलं होतं. त्या क्षणी तो चेहरा खरोखर तसाच झाला, आणि मग हळूहळू पुन्हा माणसाचा झाला.

"थालीपीठ गार हुतंय. खा," त्या म्हणाल्या.

दुपारी त्या माळावर गेल्या नाहीत. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी मफलर मांडीवर घेतला, सुया काढल्या आणि खालून उसवायला सुरुवात केली. ओळीमागून ओळ सुटत होती, आणि लाल लोकर त्यांच्या बोटांभोवती गुंडाळली जात होती. अंबूबाई दोनदा बाहेर आल्या, दोनदा आत गेल्या. हंबीरराव खिडकीतून सगळं बघत होते, आणि त्यांना वाटलं, बरोबर. आपण ओळखलं हे तिला कळलं, म्हणून पुरावा मिटवतेय. आता सहीच्या वेळी नेमकं काय काढते बघू.

दुसऱ्या दिवशी कोरेगावला कचेरीत गर्दी होती. आक्कानं नवी साडी नेसली होती, भावानंच घेतलेली. हंबीरराव तिच्या मागेच उभे होते, ती ऐनवेळी उलटली तर आपण काय म्हणायचं याची मनात जुळवाजुळव करत. टेबलाशी बसलेल्या बाईनं विचारलं, "आजी, स्वखुशीनं सोडताय ना हक्क?"

"व्हय."

"कुणाचा दबाव?"

"कुनाचा न्हाई. भाऊ हाय माजा."

सही केली, अंगठा उमटवला, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे बघितलं. आक्कानं काही काढलं नाही. इतक्या दिवसांची टेहळणी अशी फुकट गेली, आणि हंबीररावांना सुटल्यासारखं वाटण्याऐवजी कसंतरीच वाटलं.

मिरजेकडं जाणाऱ्या गाडीला अवकाश होता. कोरेगावच्या स्टेशनवर वारं बोचरं होतं. आक्कानं पिशवीतून मफलर काढून स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळला. हंबीररावांना एवढे दिवस वाटत होतं, हा मफलर वीरधवलचा असेल, नाहीतर आपला. तिनं आजवर स्वतःसाठी काही विणल्याचं त्यांना आठवेना. मफलरच्या टोकाला हिरवा ऊस संपला की लगेच ओढ्याचा निळा लागत होता. मधे काही नव्हतं.

"आक्का, लाल पट्टी?"

"उसवली."

"का गं?"

"तुला खुपत हुती न्हवं."

 मग न राहवून हंबीररावांनी विचारलं, "पर कशाची हुती ती?"

आक्का रुळांकडे बघत बोलली, अगदी सहज, बाजारभाव सांगावा तशी. "आईचं लुगडं. वड्यावर धुतलं की ती बांधावर वाळत घालायची, ह्या टोकापासनं त्या टोकापातूर. मी माळावर शेरडं राखायची, तू माज्या काखंत. रडाय लागलास की तुला दावायची, ते बघ लाल, आई खालीच हाय. मग गप ऱ्हायचास."

हंबीररावांना लाज वाटली. एवढी की मान वर करून बहिणीकडे बघवेना. फौजेत त्यांनी मोठमोठ्या साहेबांच्या शिव्या ताठ मानेनं खाल्ल्या होत्या.

"परत इन की ती," ते कसेबसे म्हणाले. "आक्का, परत घाल ती पट्टी."

आक्कानं पिशवीत हात घालून लाल लोकरीचा गुंडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. उसवलेल्या लोकरीला टाक्यांच्या वळ्या तशाच होत्या.

"ह्ये तुज्या रानातलं हाय," ती म्हणाली. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

गाडी आली. आक्का खिडकीशी बसली, मफलर सारखा केला आणि नेहमीसारखंच म्हणाली, "अंबूला जप. थंडीत लय कामं काढू नगंस तिला."

दिवस मावळायच्या आत हंबीरराव माळावर चढले आणि तिच्या खडकावर बसले. खाली ओढ्यापर्यंत सलग ऊस होता. बांध कुठंच नव्हता. नांगराचं एकेक तास वाढवत त्यांनीच तो उसात घातला होता, आणि तेव्हा सगळ्यांनी त्यांना हुशार म्हटलं होतं. त्यांनी खिशातून लाल गुंडा काढला, हात लांब करून समोर धरला आणि एक डोळा मिटला. जरा वर धरला, जरा खाली धरला. बांध नेमका कुठं होता ते त्यांना आठवेना.

आक्कालाच विचारावं म्हणून त्यांनी फोन बाहेर काढला. गाडी एव्हाना कऱ्हाडच्या पुढं गेली असेल. खालून अंबूबाईंनी जेवायला हाक मारली. हंबीररावांनी फोन खिशात ठेवला, गुंडा दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा एक डोळा मिटला.