खरवडलेला आकडा

वाटीतल्या पाण्यात बुडवलेली सॅक्सोफोनची रीड तिनं उचलून खिडकीसमोर धरली. बोरूच्या पातळ टोकातून कोटरा वस्तीतलं सकाळचं ऊन पिवळसर होऊन झिरपलं, उजवीकडे जरा दाट, डावीकडे विरळ... अशी असमान रीड घेऊ नये, तिचे गुरू दिगंबर सर म्हणायचे. मंजूषाला वाटलं, माझा ओठही आता असाच.

जानेवारीत एका सकाळी चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती — ओठाच्या कोपऱ्यातून चहा ओघळला तेव्हा कळलं. हसू आता जवळजवळ सरळ आलं होतं. पण लोकांसमोर सॅक्सोफोन वाजवून आठ महिने झाले होते, आणि आज संध्याकाळी अरेरा कॉलोनीत, साठेक माणसांपुढे, पूरिया धनाश्री.

तिनं तीन नंबरची, नेहमीची कडक रीड बसवली. षड्ज लावला. सूर उभा राहिला, भरदार, तिचा स्वतःचा — आणि डावीकडून हवा फुसफुसली. चार मिनिटांत ओठ थरथरायला लागला. मग दोन नंबरची, मऊ. ही लगेच बोलली, पण किती हळवी, जणू दुसऱ्याच कुणाचा आवाज, वरच्या षड्जाला किंचित खाली सरकणारा...

"हीच लाव ना आज," नवरा दारातून म्हणाला.

"तुला कळतं का त्यातलं, जितेंद्र?"

"नाही कळत. पण आत्ता तू मध्येच थांबली नाहीस." आणि तो ऑफिसला गेला.

घर शांत झाल्यावर तिनं कपाटातून सरांचा पत्र्याचा डबा काढला. सर गेल्यावर सुलभाताईंनी, त्यांच्या पत्नीनं, दिलेला. दोन वर्षं तिला तो उघडवला नव्हता. सरांच्या रीड कडकच असणार, पण वाजवून मुरलेल्या, एखादी चालेलही. सहा निघाल्या. नंबर पाहायला तिनं एकेक उलटी केली — सहाही रीडवरचा आकडा ब्लेडनं खरवडून टाकलेला होता.

एक धुऊन तिनं बसवली. मऊ होती. तिच्या दोन नंबरहूनही मऊ.

शेवटच्या त्या वर्षी, जवाहर चौकातल्या त्यांच्या खोलीत... नुकतीच कवळी बसवली होती सरांनी, आणि वाजवणं इतकं संथ, इतकं निवळलेलं झालं होतं की आम्ही शिष्य आपापसांत म्हणायचो, सरांचा सूर पिकला. आणि त्याच दिवसांत ते मला म्हणाले होते, "दोन नंबर म्हणजे पळवाट, मंजूषा." मी मान डोलावली होती. मऊ रीड लावत होतात, हे माझ्यापासून लपवलंत, सर? माझ्यापासून?... राग आला, खूप आला; पण पाठ वळवून, एकटेच बसून, लहान मुलासारखे एकेक आकडा खरवडणारे सर डोळ्यांपुढे आले, आणि तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना.

कोमल रिषभावरून ती षड्जावर उतरत राहिली, पुन्हा, पुन्हा, फार सावकाश. हवा अजून थोडी निसटत होतीच. संध्याकाळी कुठली रीड लावायची हे काही ठरलं नव्हतं. फक्त, ओठ पहिल्यासारखा राहिला नाही हे लोकांना कळेल, ही सकाळपासूनची भीती कधीतरी बाजूला सरली होती, आणि तिच्या जागी एक अनोळखी उत्सुकता येऊन बसली होती — कळू दे की... कळलं तर काय होतं, ते तरी पाहू.